एजंटच्या टूलची वर्णने तपासायची कशी? जिनिंगच्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न मला समजला तो असा. चोपडा तालुक्यातील एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यासाठी, आपण मराठीत बोलणारा एजंट (भाषेच्या मॉडेलवर चालणारा संगणकीय सहायक) तयार केला आहे आणि त्याच्या हाती 17 टूल्स, म्हणजे ठरावीक कामे करणारे छोटे प्रोग्रॅम, दिली आहेत: कापसाची आवक नोंदवणे, काटापट्टी (वजनाची पावती) शोधणे, आजचा खरेदी दर सांगणे, रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) दर सांगणे, गाठींचा साठा पाहणे, शेतकऱ्याला पैसे देणे, दिलेल्या पैशांची स्थिती पाहणे वगैरे. एजंट अधूनमधून चुकीचे टूल निवडत होता, म्हणून आपण दोन रात्री बसून सगळी वर्णने नव्याने लिहिली. दहा-बारा प्रश्न स्वतः विचारून पाहिले तेव्हा उत्तरे बरोबर आली. आठवड्याभरात मुनीमजींनी सांगितले की दराच्या चुका कमी झाल्या, पण पैशांच्या प्रश्नांत गोंधळ वाढला. वर्णन चांगले झाले की नाही हे मोजायचे कसे, आणि दुसऱ्या एखाद्या मॉडेलकडून या वर्णनांना गुण देऊन घेतले तर चालेल का, असे आपण विचारले आहे.

मी जळगावात बसून गेली काही वर्षे व्यापाऱ्यांसाठी, त्यातही मुख्यतः केळी खरेदीसाठी, अशीच कामे करतो. आपण केलेली चूक मीही केलेली आहे, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

मॉडेलला आपला कोड दिसत नाही. त्याच्यापुढे येते ते टूलचे नाव, वर्णनाच्या काही ओळी, पॅरामीटरची, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांची, जेसन स्कीमा (ठरावीक साच्यातली यादी) आणि चालू संभाषण. एवढ्या मजकुरावर त्याला चार निर्णय घ्यायचे असतात: टूल वापरायचे की नाही, वापरायचे तर कोणते, त्याच्या पॅरामीटरमध्ये कोणती मूल्ये भरायची, आणि आलेल्या उत्तरानंतर थांबायचे, पुढे जायचे की माणसाला विचारायचे. वर्णनाचे मोल या चार निर्णयांवरून ठरते. म्हणून वर्णन वाचून ते कसे वाटते हा प्रश्न मी बाजूला ठेवतो आणि हे निर्णय वेगवेगळे मोजतो. वेगवेगळे अशासाठी की त्यांचे उपाय वेगळे आहेत. चुकीचे टूल निवडले गेले तर दोष बहुधा दोन वर्णनांमधल्या सीमेत असतो. टूल बरोबर पण वजन चुकले तर दोष पॅरामीटरच्या वर्णनात किंवा स्कीमात असतो. या सगळ्याचा मिळून 'अचूकता 85 टक्के' असा एकच आकडा काढला, तर हात कुठे लावायचा हे त्यातून कळत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. आपण कोणते मॉडेल वापरता, सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला दिलेल्या कायमच्या सूचनांत) काय लिहिले आहे, टूल्स 5 आहेत की 50, आणि टूल नुसते वाचते की काही बदलते, यांवर किती चुका चालतील हे ठरते. आजचा दर सांगणारे टूल विनाकारण चालले तर फार तर क्षणभर वेळ जातो. पैसे पाठवणारे टूल एकदाही विनाकारण चालून उपयोगाचे नाही. त्यामुळे 'इतके टक्के आले की पास' अशी रेषा मी आपल्याला देणार नाही. ती रेषा प्रत्येक टूलसाठी जिनिंगच्या मालकांबरोबर बसून ठरवावी लागेल.

आता खऱ्या कामाकडे, म्हणजे प्रश्नसंचाकडे येतो. आपण विचारलेले दहा-बारा प्रश्न बरोबर आले यात आश्चर्य नाही, कारण वर्णने लिहिणारे आपण आणि प्रश्न विचारणारेही आपणच. वर्णनातील शब्द आपल्या डोक्यात ताजे असतात आणि नकळत प्रश्नातही तेच उतरतात. मी पहिला प्रश्नसंच असाच घरी बसून लिहिला होता आणि निकाल पाहून खूश झालो होतो. नंतर रावेर तालुक्यातील एका खरेदीदाराच्या कार्यालयात दोन दिवस वही घेऊन बसलो आणि लोक जे बोलत होते ते जसेच्या तसे टिपले. त्याच वर्णनांवर तो नवा संच चालवला तेव्हा आधीच्या निकालाची रया गेली. लोक 'खरेदी दर दाखवा' म्हणत नाहीत. ते 'आज काय निघाला?' म्हणतात. आपल्याकडे तर 'कापूसना भाव काय शे?' आणि 'मना पैसा उनात का?' (माझे पैसे आले का?) अशी अहिराणी वाक्येही येणार. प्रश्न कार्यालयातून, फोनवरून, जुन्या व्हॉट्सअॅप संदेशांतून गोळा करा, आणि ज्याने वर्णने पाहिलेली नाहीत अशा माणसाकडून करवून घ्या. शेतकऱ्यांची नावे, फोन आणि खाते क्रमांक मात्र संचात घेण्याआधी बदलून टाका.

संचात सरळ प्रश्नांचा भरणा करू नये. माझ्या संचात सर्वांत जास्त जागा शेजारच्या टूल्सची सीमा तपासणाऱ्या प्रश्नांना असते. 'कापसाचा भाव' या दोन शब्दांचेच पाहा. शेतकरी विचारतो तेव्हा त्याला सरकीसह कापसाचा प्रतिक्विंटल दर हवा असतो. तेच शब्द रुईच्या व्यापाऱ्याच्या तोंडी आले तर त्याला खंडीचा दर हवा असण्याची शक्यता अधिक, आणि खंडी म्हणजे सुमारे 356 किलो रुई. आपल्या जुन्या वर्णनात 'कापसाचा दर देते' आणि 'रुईचा दर देते' एवढेच लिहिले होते. एकक कुठेच नव्हते आणि कोण विचारतो याचाही उल्लेख नव्हता. नव्या वर्णनात आपण दोन्ही गोष्टी लिहिल्या, म्हणून दराच्या चुका कमी झाल्या. ती सुधारणा खरी आहे, ती टिकवा.

दुसरा गट टूल वापरूच नये अशा प्रश्नांचा. 'यंदा हमीभाव किती?' हा प्रश्न घ्या. आपले दराचे टूल जिनिंगचा स्वतःचा दर देते, सरकारचा हमीभाव देत नाही. एजंटने जिनिंगचा दर हमीभाव म्हणून सांगितला तर उत्तर आत्मविश्वासाने दिलेले आणि साफ चुकीचे असेल, आणि त्यावरून फाटकावर भांडण होईल. टूल काय करत नाही हे वर्णनात लिहिले आहे की नाही, याची परीक्षा अशाच प्रश्नांनी होते. तिसरा गट अपुऱ्या माहितीचा. 'पाटलांची काटापट्टी काढा' असे कोणी म्हटले, तर चोपड्यात पाटील किती असतील याचा विचार करा. येथे बरोबर निर्णय म्हणजे गाव किंवा तारीख विचारणे. एजंटने पहिल्या सापडलेल्या पाटलांची पट्टी काढली आणि योगायोगाने ती बरोबर निघाली, तरी मी तो निर्णय चूकच धरतो.

प्रत्येक प्रश्नापुढे अपेक्षित निर्णय आधी लिहून ठेवायचा, आणि तो दोन जणांनी एकमेकांचे न पाहता लिहायचा. हे काम कंटाळवाणे आहे, पण मला सर्वांत जास्त शिकवले ते यानेच. केळीच्या दराच्या टूलमध्ये मी 'प्रकार' नावाचा एक पॅरामीटर ठेवला होता आणि त्यात चार पर्याय दिले होते: मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग. बाजारात हे शब्द एका दमात बोलले जातात, म्हणून मीही ते एका यादीत घातले. एजंट सतत अडखळत होता आणि मी वर्णन लांबवत राहिलो. शेवटी दोन अनुभवी माणसांना तेच प्रश्न दिले, तर त्यांच्या उत्तरांतही मेळ बसेना. मृगबाग आणि कांदेबाग हे लागवडीच्या हंगामावरून पडलेले भेद आहेत. नवती आणि पिलबाग हे नवी लागवड की पिलांपासून धरलेले पुढचे पीक यावरून. एक बाग दोन्ही असू शकते. दोष वर्णनात नव्हताच, टूलच्या रचनेत होता. मी पॅरामीटर दोन केले आणि वर्णन निम्म्यावर आणले. तेव्हापासून माझा दंडक असा आहे की ज्या प्रश्नावर दोन जाणत्या माणसांचे एकमत होत नाही, त्या प्रश्नासाठी वर्णनावर मेहनत घ्यायची नाही. आधी टूल फोडायचे, जोडायचे किंवा त्याचे नाव बदलायचे.

पैशांच्या गोंधळाचे कारण मला आपण पाठवलेल्या नमुन्यातच दिसते. पैसे देण्याच्या टूलच्या नव्या वर्णनात 'शेतकऱ्याच्या पैशांविषयी कोणताही प्रश्न आल्यास हे टूल वापरावे' असे वाक्य आहे. स्थिती पाहण्याच्या टूलचे वर्णन मात्र एका ओळीचे राहिले आहे. साहजिकच 'मना पैसा उनात का?' हा नुसता चौकशीचा प्रश्न पैसे देणाऱ्या टूलकडे ओढला जातो. वर्णने एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचली जातात. एकाने अंग पसरले की शेजाऱ्याची जागा जाते. म्हणून एकेका वर्णनाला सुटे गुण देण्यात अर्थ नाही, 17 वर्णनांचा संच एकत्र तपासावा लागतो. त्यासाठी मी एक साधा तक्ता करतो: आडव्या ओळीत अपेक्षित टूल, उभ्या रकान्यात प्रत्यक्ष वापरलेले टूल, आणि दोन्हींकडे 'काहीच नाही' व 'माणसाला विचारले' असे आणखी दोन कप्पे. अपेक्षित आणि प्रत्यक्ष टूल एकच असलेल्या कर्णाबाहेर जिथे आकडे साचतात तिथे सीमावाद आहे. आपल्या तक्त्यात 'स्थिती' या ओळीतले आकडे 'पैसे देणे' या रकान्यात साचलेले दिसतील, असा माझा अंदाज आहे. उपाय करतानाही दोन्ही वर्णने एकत्र बदला: एकात 'नवीन रक्कम पाठवते, आधी पाठवलेल्या रकमेच्या चौकशीसाठी वापरू नये' असे लिहा, आणि दुसऱ्यात 'पैसे जमा झाले का, कधी झाले, का अडकले या चौकशीसाठी, कोणतीही रक्कम पाठवत नाही' असे.

पैशांच्या टूलबाबत एक गोष्ट या सगळ्याच्या आधी करा. रक्कम पाठवण्यापूर्वी माणसाची संमती घेण्याची अट कोडमध्ये घाला. 'संमती घेतल्याशिवाय वापरू नये' हे वर्णनातले वाक्य म्हणजे केवळ सूचना असते, आणि मॉडेल सूचना बहुतेक वेळा पाळते, नेहमी नाही. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (मॉडेलला टूल्स जोडण्याची सामायिक पद्धत), जो अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केला, त्यात टूल फक्त वाचते की काही नष्ट करू शकते हे सांगणाऱ्या खुणांची सोय आहे. पण त्या प्रोटोकॉलमध्येही या खुणांना केवळ इशारे मानले आहे आणि अनोळखी सर्व्हरच्या खुणांवर विसंबू नये असे म्हटले आहे.

आता मोजणीकडे वळतो, कारण आपली फसगत इथेच झाली. समजा 20 प्रश्नांपैकी 18 बरोबर आले. हे 90 टक्के दिसतात, पण एवढ्या छोट्या नमुन्यावरून खरी अचूकता साधारण 70 ते 97 टक्के यांत कुठेही असू शकते. पैशांच्या टूलवर 60 स्वतंत्र प्रश्न विचारले आणि एकही चूक झाली नाही, तरी खरा चुकांचा दर 5 टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता आपण नाकारू शकत नाही. शून्य चुका दिसल्यावर 3 ला प्रयत्नांच्या संख्येने भागण्याचा हा संख्याशास्त्रातला जुना ठोकताळा आहे. शिवाय तोच प्रश्न मॉडेलला पुन्हा विचारला तर निर्णय बदलू शकतो, टेंपरेचर (उत्तरात किती फेरफार चालेल हे ठरवणारी सेटिंग) शून्य ठेवले तरीही. म्हणून मी प्रत्येक प्रश्न किमान पाच वेळा चालवतो आणि पाचही वेळा बरोबर आलेले प्रश्न वेगळे मोजतो. 2024 मधल्या टाऊ-बेंच या चाचणीसंचात हाच विचार मांडला आहे: एका प्रयत्नात 90 टक्के यश असेल आणि प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तर लागोपाठ आठही प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता सुमारे 43 टक्केच उरते. मुनीमजी दिवसाला तोच प्रश्न चाळीस शेतकऱ्यांसाठी विचारणार आहेत, तेव्हा त्यांच्या अनुभवाला येते ते हे दुसरे गणित.

जुनी वर्णने आणि नवी वर्णने यांची तुलना करताना दोन्हीकडे बरोबर आलेले आणि दोन्हीकडे चुकलेले प्रश्न बाजूला ठेवा. ज्या प्रश्नांचा निकाल बदलला तेवढेच पाहा. सहा सुधारले आणि चार बिघडले, तर ते नाणे उडवण्यासारखे आहे, सुधारणा म्हणता येणार नाही. चौदा सुधारले आणि दोन बिघडले, तर दखल घेण्यासारखे आहे. मात्र ते दोन कोणते हे उघडून वाचल्याशिवाय नवी वर्णने चालू करू नका, कारण ते दोन पैसे देण्याचे निघू शकतात. आपल्या बाबतीत नेमके हेच घडले.

एका वेळी एकच बदल करावा. दोन रात्रींत 17 वर्णने बदलल्यावर कोणत्या बदलाने काय झाले हे कोणालाही सांगता येणार नाही, आपल्यालाही नाही. मॉडेलची आवृत्ती, सिस्टीम प्रॉम्प्ट आणि टूल्सची यादी गोठवा आणि मग वर्णनाला हात लावा. मी आणखी दोन प्रयोग करतो, ते फार कमी लोक करतात. पहिल्यात वर्णने पूर्ण काढून फक्त नावे आणि स्कीमा ठेवून संच चालवतो. एखाद्या टूलचा निकाल तेव्हाही तसाच राहिला, तर त्याचे लांबलचक वर्णन काही काम करत नाही. प्रत्येक विनंतीबरोबर ते टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर खर्च मोजला जातो) मात्र खाते. दुसऱ्यात यादीतील टूल्सचा क्रम उलटसुलट करतो. क्रम बदलल्यावर निवड बदलली, तर वर्णनांची सीमा पुसट आहे आणि मॉडेल जागा पाहून ठरवत आहे असे समजावे.

चुकलेले प्रश्न पाहून वर्णन सुधारत गेलो की हळूहळू त्या प्रश्नांचेच शब्द वर्णनात उतरतात, आणि मग गुण वाढतात ते घोकंपट्टीचे. म्हणून संचाचा एक तृतीयांश भाग कुलपात ठेवा आणि बदल पक्का वाटेल तेव्हाच तो चालवा. माझ्याकडे तो भाग सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर असतो, कारण माझ्या स्वतःच्या संयमावर माझा विश्वास नाही.

पॅरामीटरमध्ये मूल्ये भरण्याच्या निर्णयाची तपासणी सोपी असते, पण तिच्याकडे दुर्लक्ष होते. काटा किलोत छापतो आणि माणसे क्विंटलमध्ये बोलतात. 'वजन 40' म्हणजे काय हे 'वजन' एवढ्याच वर्णनावरून मॉडेलने ओळखावे ही अपेक्षा चुकीची आहे. जुन्या शेतकऱ्याने 'मण' म्हटले तर आणखी पंचाईत: गुजरातच्या बाजारात कापसाचा मण 20 किलोचा धरतात, आणि आपल्याकडच्या जुन्या हिशेबात मण 40 शेरांचा. येथे वर्णन लांबवण्यापेक्षा पॅरामीटरच्या नावातच किलो लिहा, एककाचा वेगळा पॅरामीटर ठरावीक पर्यायांसह द्या, गुणाकार कोडमध्ये करा, आणि एकक सांगितलेले नसेल तर विचारावे एवढे एकच वाक्य वर्णनात ठेवा. स्कीमाने जे बांधता येते ते गद्याने सांगू नये. अनेक सेवांमध्ये टूलचे नाव इंग्रजी अक्षरांतच द्यावे लागते. वर्णन मात्र कोणत्याही भाषेत चालते. मी ते इंग्रजीत लिहितो आणि रुई, सरकी, काटापट्टी हे शब्द त्यात मराठीतच ठेवतो, कारण देवनागरी मजकुराला सहसा जास्त टोकन लागतात आणि वापरणाऱ्याच्या तोंडचे शब्द तरीही वर्णनात राहतात. आपल्या संचावर दोन्ही प्रकार चालवून पाहा. निकाल माझ्यापेक्षा वेगळा येऊ शकतो.

टूलने परत पाठवलेला मजकूर हाही वर्णनाचाच उरलेला भाग आहे. 'त्रुटी 400' असे परत आले तर एजंट तीच चूक पुन्हा करतो किंवा काहीतरी रचून सांगतो. 'या नावाचे 6 शेतकरी आहेत, गावाचे नाव द्या' असे परत आले तर पुढचे पाऊल बरोबर पडते. अनेक पायऱ्यांच्या कामात मी टूल्सचा क्रम जुळतो का हे तपासत नाही, शेवटी वहीत काय नोंदले गेले ते पाहतो. एकाच ठिकाणी पोहोचण्याच्या दोन वाटा असू शकतात.

दुसऱ्या मॉडेलकडून गुण घेण्याविषयी: मुद्रितशोधक म्हणून त्याचा उपयोग करा, परीक्षक म्हणून नको. 'या दोन वर्णनांपैकी कोणते कधी वापरशील, आणि कुठे संभ्रम वाटतो' असे विचारले तर ते चांगल्या शंका काढते. पण दहापैकी गुण मागितले की ते लांब आणि नीटनेटक्या गद्यावर खूश होते. आपले 'पैशांविषयी कोणताही प्रश्न' हे वाक्य वाचायला स्वच्छ आहे. त्याला चांगले गुण मिळाले असते.

कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास जोर धरतो. तेव्हा फाटकावर गाड्यांची रांग असते आणि प्रयोगाला कोणी वेळ देणार नाही. म्हणून आधी पैशांच्या टूलला कोडमध्ये संमतीची अट घाला, मग दर आणि पैसे यांच्या चार टूल्सपुरते साठ-सत्तर खरे प्रश्न जमवा आणि आपल्या जुन्या व नव्या वर्णनांवर प्रत्येकी पाच वेळा चालवा. उरलेली 13 टूल्स तूर्त आहेत तशी राहू द्या. हंगाम सुरू झाला की मुनीमजींनी दुरुस्त केलेले प्रत्येक उत्तर लॉगमध्ये वेगळे पडेल अशी सोय ठेवा. पुढच्या प्रश्नसंचाची भरती तिथूनच होईल. तक्ता तयार झाल्यावर नावे काढून येथे टाकलात, तर 'स्थिती'च्या ओळीबद्दलचा माझा अंदाज बरोबर होता की चुकला हेही कळेल.